पाण्यातले नाणे वर उचलणारा नियम नेमका कोणाचा?

१/
थ्रेड : प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम, त्याचे चार शोधक आणि 'चोरी'चा आरोप.

पितळी वाटीच्या तळाशी एक नाणे ठेवावे आणि वाटीची कड नाण्याला जेमतेम झाकेल इतके मागे सरकून बसावे. दुसऱ्या कोणी वाटीत सावकाश पाणी ओतले, की न हललेले नाणे कडेवरून डोकावू लागते. तळ वर आल्यासारखा वाटतो. खरी खोली आणि भासमान खोली यांतला हा फरक शाळेत शिकवला जातो, परीक्षेत दोन गुणांसाठी विचारला जातो आणि मग विसरला जातो.

२/
हा खेळ फार जुना आहे. युक्लिडच्या नावावर असलेल्या (तो ग्रंथ त्याचाच आहे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत) आरशांवरील ग्रीक ग्रंथाच्या आरंभीच तो गृहीतकाच्या रूपात येतो : भांड्यात वस्तू ठेवा, ती दिसेनाशी होईल इतके दूर जा, पाणी ओता, ती पुन्हा दिसेल. म्हणजे पाणी तळ उथळ दाखवते, हे दोन हजार वर्षांपूर्वी पुस्तकात नोंदलेले होते. नावाडी आणि कोळी यांना ते त्याआधीही ठाऊक असणारच. भाल्याने मासा टिपणारा माणूस दिसतो त्याच्या खाली नेम धरतो.

३/
परंतु 'तळ उथळ दिसतो' हे ठाऊक असणे आणि 'किती उथळ दिसतो' हे सांगता येणे, यांत पंधरा शतकांचे अंतर आहे. समाजमाध्यमांवर सध्या या विषयावर फिरणाऱ्या बहुतेक पोस्ट नेमक्या याच अंतरावरून उडी मारतात. कोणी म्हणते, स्नेलने अरबांचा नियम चोरला. कोणी म्हणते, आमच्या दर्शनग्रंथांत सर्व काही आधीच होते. दोन्ही दाव्यांमागे एक रास्त तक्रार आहे. आणि दोन्ही दावे जसे मांडले जातात तसे चुकीचे आहेत.

४/
प्रथम मोजमापाकडे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील टॉलेमीने काशाची एक वर्तुळाकार तबकडी घेतली, तिच्या प्रत्येक पावभागाचे ९० अंश पाडले आणि ती निम्मी पाण्यात उभी बुडवली. वरच्या अर्ध्या भागावर एक खूण, मध्यभागी एक खूण. पाण्यातली तिसरी खूण अशी सरकवायची की तिन्ही एका सरळ रेषेत दिसावीत. हवेतील कोन १० अंशांचा, तर पाण्यातील किती? २० चा असता किती? असे करीत ८० पर्यंत.

५/
त्याचे आकडे आजही उपलब्ध आहेत : ८, १५½, २२½, २९, ३५, ४०½, ४५½, ५०.

हे आकडे घाईने वाचू नयेत. पहिल्या दोहोंतील फरक ७½, पुढचा ७, मग ६½, ६, ५½, ५, ४½. प्रत्येक फरक आधीच्यापेक्षा बरोबर अर्ध्या अंशाने कमी. निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही. पाण्याचा खरा नियम लावून पाहिले तर ६० अंशांना उत्तर सुमारे ४०½ येते, म्हणजे तिथे टॉलेमी अचूक आहे. पण ८० अंशांना ते सुमारे ४७½ येते, आणि त्याने ५० लिहिले आहे. उघडच त्याने काही कोन मोजले आणि उरलेले एका सुबक क्रमात बसवले.

६/
त्यावरून टॉलेमीला लबाड ठरवणे सोपे आहे, आणि तसे ठरवणारेही आहेत. तो न्याय नव्हे. आपल्याला एखादा नियम हाती लागला आहे असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते, तो वाकडे निरीक्षण चुकीचे समजून सरळ करतो. त्याची चूक नियम निवडण्यात झाली. तो कोनांमध्ये क्रम शोधत राहिला. क्रम होता तो रेषांच्या लांबीत. वैताग आणणारी गोष्ट ही, की लांबी मोजण्याचे साधन त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात तयार होते. त्याच्या खगोलशास्त्रावरील ग्रंथात वर्तुळाच्या जीवांचे संपूर्ण कोष्टक आहे.

(आणखी एक गंमत : टॉलेमीच्या मते किरण डोळ्यातून निघून वस्तूकडे जातो. दिशा उलटी, तरीही त्याची मोजणी त्यामुळे बिघडली नाही. कारण प्रकाशाचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो.)

७/
या ग्रंथाचा प्रवासही ध्यानात घ्यावा. टॉलेमीच्या 'प्रकाशिकी'चे मूळ ग्रीक हरवले. त्याचे अरबी भाषांतर झाले, तेही हरवले. उरले ते बाराव्या शतकात सिसिलीच्या युजीनने अरबीवरून केलेले लॅटिन भाषांतर. त्यातही पहिला भाग नाही आणि पाचव्याचा शेवट नाही. हे सांगण्याचे कारण असे, की 'कोणाला काय माहीत होते' हा प्रश्न बहुतेक वेळा 'कोणाचे काय टिकले' या प्रश्नाचे वेषांतर असतो.

८/
आता बगदाद. इ.स. ९८४ च्या सुमारास, बुवाइह घराण्याच्या काळात, इब्न सह्ल नावाच्या गणितज्ञाने दाहक आरसे आणि भिंगे यांवर एक प्रबंध लिहिला. त्याचा प्रश्न व्यावहारिक होता : सूर्याचे समांतर किरण एकाच बिंदूत गोळा व्हावेत, तर स्फटिकाच्या भिंगाला आकार कोणता द्यावा? त्याने उत्तर दिले, अपास्त वक्राचा. आणि ते सिद्ध करताना त्याने एक काटकोनी आकृती काढली, जिच्यात वाकलेल्या किरणाची लांबी आणि न वाकता सरळ गेला असता तर झाली असती ती लांबी, यांचे गुणोत्तर त्या स्फटिकासाठी कायम धरले.

९/
ही आकृती आजच्या पाठ्यपुस्तकातील नियमाशी तंतोतंत जुळते. दमास्कस आणि तेहरान येथील विखुरलेली हस्तलिखिते एकत्र जुळवून इतिहासकार रोशदी राशेद यांनी १९९० मध्ये ती जगापुढे मांडली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा हा शोध आपल्याला कळून अजून अर्धे शतकही झालेले नाही.

१०/
इब्न सह्लला श्रेय द्यावे काय? निश्चित द्यावे. पण किती, हे ठरवताना थांबावे लागते. त्याने कोन मोजल्याचा, कोष्टक केल्याचा, पाणी आणि काच यांची गुणोत्तरे काढल्याचा पुरावा त्या प्रबंधात नाही. भिंगाच्या भूमितीला लागणारे एक गृहीत म्हणून ते गुणोत्तर तिथे येते. काही इतिहासकार म्हणूनच त्याला 'निसर्गनियमाचा शोध' म्हणण्यास कचरतात. त्यांचा कचरणे थोडे अधिकच आहे असे म्हणावे लागेल; कारण नुसत्या अंदाजाने योग्य गृहीत धरून योग्य वक्र मिळणे हा योगायोग फारच मोठा ठरतो. तरीही गृहीत आणि पडताळलेला नियम या दोन वस्तू आहेत, एक नव्हे.

११/
आणि मग जे घडले ते अधिक बोलके आहे. पुढच्याच पिढीत इब्न अल-हैथम होऊन गेला. मध्ययुगातील प्रकाशविज्ञानाचे सर्वांत मोठे नाव. इब्न सह्लचे निदान काही लेखन त्याच्या परिचयाचे होते. त्याच्या 'किताब अल-मनाझिर'चा सातवा भाग संपूर्ण अपवर्तनावर आहे. त्या भागात ते गुणोत्तर नाही. तो कोनांविषयी नियम सांगतो, मर्यादा सांगतो, प्रयोगाची उपकरणे बारकाईने वर्णन करतो. पण ती साधी आकृती वापरत नाही.

लॅटिन युरोपात गेला तो इब्न अल-हैथम. इब्न सह्लचा प्रबंध गेल्याचा माग नाही.

१२/
युरोपातील पुढची तीन शतके म्हणजे नकला. तेराव्या शतकात व्हिटेलोने टॉलेमीचे आकडे उचलले आणि त्यांत उलट्या दिशेचे, पाण्यातून हवेत जाणाऱ्या किरणांचे, कोष्टक जोडले. पाण्यातील कोन सुमारे ४८½ अंशांच्या पुढे गेला की प्रकाश बाहेर पडतच नाही, आतल्या आत परावर्तित होतो. व्हिटेलोने मात्र ५०, ६०, ७०, ८० अंशांनाही बाहेर पडणाऱ्या किरणाचे कोन देऊन टाकले. एकदाही पाण्यात डोकावून न पाहता लिहिलेले विज्ञान कसे दिसते, याचा हा नमुना जतन करण्यासारखा आहे.

१३/
केप्लरने १६०४ साली व्हिटेलोला 'पुरवणी' म्हणून ग्रंथ लिहिला आणि अपवर्तनाच्या नियमासाठी अक्षरशः डोके फोडून घेतले. ग्रहांच्या कक्षा उलगडणाऱ्या या माणसाला तो सापडला नाही. १६११ च्या ग्रंथात त्याने ३० अंशांपर्यंतच्या काचेसाठी एक कामचलाऊ प्रमाण स्वीकारले, आणि तेवढ्यावर दुर्बिणीचे शास्त्र उभे केले.

१४/
दैवाचा खेळ असा, की ज्याच्याजवळ उत्तर होते त्याच्याशीच केप्लरचा पत्रव्यवहार चालू होता. टॉमस हॅरियट. १५८५ मध्ये व्हर्जिनियाला जाऊन आलेला, १६०९ मध्ये गॅलिलिओच्या आधी दुर्बिणीतून चंद्राचे चित्र काढणारा इंग्रज. लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये त्याने १६०२ च्या सुमारास अॅस्ट्रोलेब पाण्यात अर्धा बुडवून कोन मोजले, आणि त्याच्या ध्यानात आले की वर्तुळाच्या कडेवरील खुणांच्या भासमान जागा काढल्या, तर त्याही एका लहान वर्तुळावरच बसतात. नियम सापडला तो असा.

१६०६ मध्ये केप्लरने विचारणा केली. हॅरियटने निरनिराळ्या पदार्थांचे आकडे पाठवले. नियम पाठवला नाही.

१५/
हॅरियटला दोष देणे सोपे आहे. त्याचे दिवस पाहावेत. १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटानंतर त्याचा आश्रयदाता, नॉर्थम्बरलंडचा सरदार, टॉवरमध्ये बंदिवान झाला होता. हॅरियट स्वतःही काही काळ तुरुंगात राहून आला होता. त्याच्या हयातीत छापले गेलेले पुस्तक एकच, आणि तेही व्हर्जिनियाविषयी. १६२१ मध्ये तो वारला. त्याच्या कागदांतील हा नियम योहानेस लोने या नॉर्वेजियन अभ्यासकाने ओळखून प्रसिद्ध केला तो १९५९ मध्ये.

१६/
हॅरियट ज्या वर्षी गेला, त्याच सुमारास लायडन विद्यापीठातील विलेब्रॉर्ड स्नेल त्याच नियमापाशी पोहोचला. हा तोच स्नेल, ज्याने त्रिकोणांची साखळी टाकून पृथ्वीचा घेर काढला आणि १६१७ मध्ये तो हिशेब छापला. पृथ्वी मोजून छापणाऱ्या माणसाने अपवर्तनाचा नियम मात्र छापला नाही. १६२६ मध्ये तोही गेला.

१७/
या थ्रेडचा खरा गाभा इथे आहे. स्नेलने नियम 'साइन'च्या भाषेत सांगितलाच नव्हता. त्याने तो खऱ्या आणि भासमान किरणांच्या भाषेत सांगितला.

पाण्याच्या पृष्ठभागावर किरण जिथे वाकतो तो बिंदू घ्यावा. तिथून तळाच्या नाण्यापर्यंतचे अंतर हा खरा किरण. आता डोळ्याकडून आलेली रेषा न वाकवता तशीच पाण्यात वाढवावी, आणि नाण्यातून एक उभी रेषा वर काढावी. दोन्ही जिथे छेदतील तिथपर्यंतचे अंतर हा भासमान किरण. पाहण्याचा कोन कोणताही असो, या दोन लांबींचे गुणोत्तर बदलत नाही. पाण्यासाठी ते सुमारे ४ : ३.

१८/
आणि डोळा नाण्याच्या जवळजवळ थेट वर आणला, की हे दोन किरण उभे होतात. त्यांच्या लांबी म्हणजेच खरी खोली आणि भासमान खोली. १२ फूट पाणी ९ फूट का दिसते, याचे उत्तर त्याच आकृतीत बसलेले आहे. तिरके पाहिले तर किरणांचे गुणोत्तर तेच राहते, खोलीचे मात्र बिघडते : ६० अंशांच्या कोनातून, जुन्या उभ्या रेषेच्या रीतीने काढल्यास, तेच १२ फूट पाणी जेमतेम ६ फूट भासते. विहिरीच्या कठड्याशी वाकून पाहणाऱ्याला आणि खाणीच्या डबक्यात काठावरून उडी घेणाऱ्याला पाणी सारखेच फसवत नाही. काठावरच्याला अधिक फसवते.

१९/
इब्न सह्लची आकृतीही हीच, हॅरियटची दोन वर्तुळेही हीच. बगदाद, सायन हाउस, लायडन : तिघांनी तोच काटकोनी त्रिकोण काढला. तिघांपैकी कोणाचाही नियम वाचकांपर्यंत पोहोचला नाही.

पोहोचवला चौथ्याने. १६३७ मध्ये लायडनलाच छापलेल्या देकार्तच्या ग्रंथात तो प्रथमच छापील स्वरूपात, आणि साइनच्या भाषेत आला. सोबत भिंगासाठी सुचवलेला वक्रही होता. तोच अपास्त.

२०/
इथून चोरीच्या आरोपांना सुरुवात होते, आणि ते आजच्या पोस्टकारांनी नव्हे, सतराव्या शतकातील डच विद्वानांनी केले. इसाक व्होसियसने १६६२ मध्ये, नंतर हायगेन्सने, देकार्तने स्नेलचे हस्तलिखित पाहिले असावे असे सुचवले. पुरावा तपासला तर आरोप टिकत नाही. देकार्तचे या विषयावरील काम १६२० च्या दशकात पॅरिसमध्ये झाले होते. १६३२ च्या प्रारंभी तो आपला नियम पडताळण्याची रीत लायडनच्या गोलियसला पत्राने कळवतो. आणि गोलियस स्नेलच्या कागदांत तोच नियम सापडल्याचे लिहितो ते त्याच वर्षाच्या शेवटाकडे.

२१/
मग 'स्नेलने अरबांकडून चोरले' याचे काय? गोलियस अरबीचा प्राध्यापक होता आणि पूर्वेकडून हस्तलिखितांचा मोठा संग्रह घेऊन आला होता, एवढ्या धाग्यावर काही जण गोष्ट विणतात. तो संग्रह लायडनला आला १६२९ मध्ये. स्नेलने नियम शोधला १६२१ च्या सुमारास आणि तो वारला १६२६ मध्ये. तारखाच गोष्टीला छेद देतात.

इब्न सह्लवर अन्याय झाला हे खरे आहे. पण त्या अन्यायात कोणी चोर नाही. हस्तलिखित दोन ठिकाणी तुटून पडले, जवळच्या थोर वारसाने ती आकृती उचलली नाही, आणि नकलकारांनी दुसरी पुस्तके निवडली. चोर नसलेली गोष्ट कमी 'व्हायरल' होते, इतकेच.

२२/
आता आपल्या घराकडे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्याआड असलेली वस्तू दिसते, असा उल्लेख आहे. त्यावरून 'भारतीयांना अपवर्तनाचा नियम ठाऊक होता' असे सर्रास लिहिले जाते. मूळ संदर्भ वेगळा आहे. इंद्रिय वस्तूपर्यंत पोहोचून ती जाणते की न पोहोचता, हा तो वाद. आडकाच असूनही दिसते, म्हणजे डोळा पोहोचत नाही, असा पूर्वपक्ष. आणि काच पारदर्शक असल्याने नेत्ररश्मीला अडवत नाही, असे त्याचे उत्तर. ज्ञानमीमांसेचा अत्यंत तीक्ष्ण वाद आहे तो. त्यात किरण किती वाकतो, याचा प्रश्नच कोणी विचारलेला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वजांच्या तोंडी घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

२३/
गौरवच हवा असेल तर तो सूत्रातील एका शब्दात आहे. ग्रीकांचे कोष्टक पूर्ण जीवेचे होते. अर्ध्या जीवेचे कोष्टक करण्याची सोयीची रीत भारतीय ज्योतिषाची, इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात ती आहे. संस्कृत 'ज्या' किंवा 'जीवा', म्हणजे धनुष्याची दोरी, अरबीत 'जिबा' झाली. स्वरचिन्हे न लिहिण्याच्या पद्धतीमुळे तीच अक्षरे 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, अशी वाचली गेली. आणि बाराव्या शतकातील लॅटिन अनुवादकांनी तिचे शब्दशः 'सायनस' केले. देकार्तने नियम छापला तो या शब्दात. दावा लहान आहे, पण त्याचा प्रत्येक दुवा दाखवता येतो.

२४/
नाव बदलावे काय? फ्रान्समध्ये आजही स्नेल आणि देकार्त अशी दोन्ही नावे लावतात. चार नावे जोडून कोणी नियम म्हणणार नाही, आणि पाटी बदलल्याने इतिहास कळत नाही. 'स्नेलचा नियम' राहू द्यावा. बदलायला हवी ती मांडणी. आपल्या दहावीच्या पुस्तकांत आधी आपाती कोन, अपवर्तित कोन आणि साइनचे गुणोत्तर येते, आणि नाण्याचा खेळ बाजूला, एक मौज म्हणून. स्नेलसाठी तो खेळ म्हणजेच नियम होता. नाणे, वाटी, दोन रेषा आणि एक उभी दोरी यांनी तो फळ्यावर पाच मिनिटांत काढता येतो. ज्याला अजून साइन शिकवलेला नाही अशा सातवीच्या मुलालाही तो मोजपट्टीने पडताळता येईल.

२५/
स्नेलच्या त्या कागदांचे पुढे काय झाले, हा प्रश्न उरतो. व्होसियसने ते पाहिले होते. त्यानंतर ते नाहीसे झाले आणि अडीचशे वर्षांहून अधिक काळ चर्चा चालू राहिली ती त्यांच्या आठवणींवर. १९३५ मध्ये कॉर्नेलिस द वार्द या डच अभ्यासकाने अॅम्स्टरडॅममध्ये सापडलेला त्यांचा आराखडा प्रसिद्ध केला.